ॲप लॅपटॉपवर चाललं, मग घाटावर काऊन नाही?



१६ ऑगस्टला सकाळी घाटावर काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलं. बंदी उठल्यानंतरचा पहिलाच दिवस. डोंगे लागले, काटा टांगला, कटल्याची पहिली टोपली चढली, आणि मोबाईलवरची नवी वही काही केल्या वजन घेईना. पडद्यावर एकच ओळ : ‘मिसिंग ऑर इन्सफिशियंट परमिशन्स’. मागून कोणीतरी म्हणालंच, “परवाच्या दिवशी तर लॅपटॉपवर चालून रायलं होतं न बावा, आज काऊन नाही चालत?” शेवटी जुनी लाल वही काढली तेव्हा काम पुढं सरकलं. पण तोवर मासळी तासभर उन्हात राहिली, बर्फ वितळला, आणि नागपूरच्या व्यापाऱ्यानं त्याचा हिशोब भावात काढला.

कोणामुळं झालं ते आधीच सांगून टाकतो. संस्थेची वही मी लिहितो, आणि नव्या वहीची घाई माझीच होती. जिनं ते ॲप जोडलं ती आपल्याच डोंगेवाल्याची पोरगी, बारावी झालेली. तिनं मला दोनदा सांगितलं होतं की काका, हा अजून नमुना आहे. मी ऐकलं नाही. म्हणून नमुना म्हणजे काय, तो कसा बांधतात, कसा चालवतात आणि तो घाटावर का अडकला, हे सगळं इथं लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी पोरं कॉम्प्युटर शिकतात त्यांनी ती पोरांना वाचायला द्यावी.

ब्राउझर म्हणजे आपल्या फोनमधलं क्रोम किंवा फायरफॉक्स. त्यात चालणारं ॲप बनवायला कंपन्या तयार सामानाची पेटी देतात, तिला एसडीके म्हणतात, सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट. जाळं विणायला बसताना सूत, सुई, बोये, शिसं एकाच दुकानातून आणावं तसं. आणि त्या सामानासोबत वीतभर विणलेला एक तुकडाही मिळतो, गाठ कशी घालायची, आस केवढी ठेवायची ते कळावं म्हणून. तो तुकडा म्हणजे सॅम्पल ॲप्लिकेशन. त्यातल्या गाठी खऱ्या असतात, सूतही खरं असतं. पण वीतभर तुकडा घेऊन कोणी तलावात उतरत नाही. मी उतरलो.

आम्ही घेतलेली पेटी फायरबेसची. ही कंपनी गूगलनं २०१४ मध्ये विकत घेतली. तिच्यात फायरस्टोअर नावाचा एक भाग आहे : नोंदी इंटरनेटवर ठेवायच्या, आणि एका फोनवर लिहिलेलं दुसऱ्या फोनवर लगेच दिसायचं. आपल्याला हेच हवं होतं. काट्यावर वजन लिहिलं की डोंगेवाल्याच्या घरी वहिनींना दिसावं, भाव आणि कापलेली रक्कम दिसावी, महिन्याच्या शेवटी ‘माझे चार किलो कुठं गेले’ हा वाद होऊ नये. आपल्यासारख्या संस्थेला पैसेही लागत नाहीत. फुकटच्या योजनेत दिवसाला ५०,००० वेळा वाचता येतं आणि २०,००० वेळा लिहिता येतं. आपल्या काट्यावर भर हंगामातही त्याच्या आसपास वजनं होत नाहीत.

या पेटीतला एक प्रसिद्ध नमुना आहे, ‘फ्रेंडली ईट्स’. हॉटेलांची यादी, आणि गिऱ्हाईक प्रत्येक हॉटेलाला किती तारे देतं त्याची नोंद. तुम्ही म्हणाल, मोहगावच्या भोयांना हॉटेलांशी काय करायचं? पण आतली मांडणी पाहा. प्रत्येक हॉटेलाचं एक पान, त्या पानाच्या पोटात एकेका गिऱ्हाइकाची नोंद, आणि वर सगळ्यांची मिळून सरासरी. हॉटेलाच्या जागी डोंगा ठेवा, ताऱ्यांच्या जागी किलो ठेवा : प्रत्येक डोंग्याचं पान, त्याच्या पोटात रोजची वजनं, वर एकूण. पोरीनं हे ओळखलं, आणि मला विचाराल तर सगळ्या कामातली अकलेची गोष्ट तीच होती. नमुना निवडताना वरचा रंग पाहायचा नसतो, आतली वही कशी आखली आहे ते पाहायचं असतं.

आता बांधणी. लॅपटॉपवर आधी नोड जेएस बसवावं लागतं. त्याच्या साइटवर दोन आवृत्त्या दिसतात, ‘एलटीएस’ लिहिलेली घ्यायची. मग गिटहबवरून नमुन्याचं फोल्डर उतरवायचं; झिप घेतली तरी चालते. फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची फाईल असते, ती आधी पूर्ण वाचायची. आमचे पहिले दोन दिवस ती न वाचल्यामुळं गेले. आम्ही काय केलं, तर फोल्डरमधल्या ‘इंडेक्स’ फाईलवर डबल क्लिक केलं. कोरं पान उघडलं. बिघाड काहीच नव्हता. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला ब्राउझर त्याचे बाकीचे तुकडे जोडू देत नाही, हा त्याचा सुरक्षेचा नियम आहे. पान कोणीतरी वाढावं लागतं, आणि ते वाढणारा छोटा सर्व्हर आपल्याच लॅपटॉपवर चालवावा लागतो.

त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरमध्ये जायचं आणि ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यायची. ती नमुन्याला लागणारं सगळं सामान इंटरनेटवरून आणून ‘नोड मॉड्यूल्स’ नावाच्या फोल्डरात भरते. हे सामान बरंच असतं. फोनच्या हॉटस्पॉटवर केलंत तर त्या दिवसाचा डेटा त्यातच गेला समजा, म्हणून हे सौंसरला किंवा जिथं वायफाय आहे तिथं बसून करावं. विंडोजच्या निळ्या पॉवरशेल खिडकीत हीच आज्ञा दिली की कधी कधी ‘स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे’ असा निरोप येतो. घाबरू नये, साध्या काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच आज्ञा चालते.

नंतर येतो एम्युलेटर. हा म्हणजे गूगलच्या खऱ्या वहीची आपल्या लॅपटॉपवरची नक्कल. अंगणात जाळं फेकून हात बसवतात तसा. त्याला जावा लागतं, ते वेगळं बसवावं लागतं. ‘फायरबेस एम्युलेटर्स स्टार्ट’ म्हटलं की तो उठतो आणि कोणत्या दारावर काय आहे ते सांगतो : पान सहसा लोकलहोस्ट ५००० वर, नोंदी ८०८० वर, आणि सगळं पाहायची खिडकी ४००० वर. एखादं दार आधीच दुसऱ्या प्रोग्रामनं अडवलेलं असेल तर तसा निरोप येतो. मग तो प्रोग्राम बंद करा नाहीतर दाराचा आकडा बदला. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की एम्युलेटर बंद केला की त्यातल्या नोंदी जातात. ठेवायच्या असतील तर बंद करताना बाहेर काढायची सूचना आधीच द्यावी लागते. आमच्या ४० बनावट टोपल्या एका रात्रीत अशाच गेल्या. बनावट होत्या म्हणून हसू आलं.

पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा यादी रिकामी होती आणि खाली एक बटण होतं, खोटा माल भरायचं. दाबलं आणि पडद्यावर हॉटेलंच हॉटेलं. इथं मी फसलो. हलणारं, रंगीत, भरलेलं पान पाहिलं आणि माझ्या मनानं घेतलं की काम झालं. प्रत्यक्षात एवढंच सिद्ध झालं होतं की लॅपटॉपवर सामान नीट बसलं आहे आणि एसडीके बोलते आहे. नमुन्याचं काम तेवढंच असतं, आणि ते त्यानं चोख केलं.

मग हॉटेलांची नावं पुसून डोंग्यांचे नंबर टाकले, शब्द मराठीत केले. इथं एक गंमत. कागदपत्रं आपली हिंदीत, वही मराठीत, आणि आकडे? मी हौसेनं देवनागरीत ‘१२’ लिहिलं तर बेरीज होईना. जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात. दाखवताना मराठी अंक दाखवता येतात, पण घेताना एकतर इंग्रजी अंक घ्यावे लागतात किंवा मराठी अंक बदलून घ्यायची दोन ओळींची सोय करावी लागते. आम्ही ती केली.

१६ जुलैला पोरीनं खरा प्रोजेक्ट उघडला, म्हणजे अंगणातून तलावावर. उघडताना फायरबेस विचारतं, वही बंद कुलपात ठेवू की चाचणीसाठी उघडी ठेवू? चाचणीचं म्हटलं की तो नियमांत एक तारीख घालून देतो : आजपासून ३० दिवस कोणीही वाचा, कोणीही लिहा, त्यानंतर सगळ्यांना बंद. १६ जुलैपासून ३० दिवस मोजा. १५ ऑगस्टला भरतात. १४ ला आम्ही चालवून पाहिलं, चाललं. १५ ला झेंडावंदन होतं, कोणी पाहिलं नाही. १६ ला घाट. मध्य प्रदेशच्या १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांप्रमाणे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते हे आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. त्याच बंदीच्या शेवटच्या दिवशी आपल्या वहीचीही मुदत संपावी, याला योगायोग म्हणायचं की माझी अक्कल, तुम्हीच ठरवा.

पण खरं सांगू का, वही बंद पडली हे कमी वाईट होतं. त्याआधीचे ३० दिवस ती सताड उघडी होती, ते जास्त वाईट. पत्ता ज्याला कळेल तो आपल्या डोंगेवाल्यांची नावं, फोन नंबर वाचू शकला असता, किलो बदलू शकला असता, सगळं पुसूही शकला असता. काही जण म्हणतात की ‘एपीआय की’ लपवली की झालं. तसं नाही. ब्राउझरच्या ॲपमध्ये ती की पानासोबत प्रत्येकाच्या फोनवर जातेच. फायरस्टोअरचं कुलूप त्या कीमध्ये नसतं, नियमांत असतं. आणि ‘जो लॉगिन करेल त्याला परवानगी’ एवढाच नियम ठेवला तर गावाबाहेरचा कोणीही गूगल खात्यानं आत येतो. सभासदांची यादी वहीत ठेवून, लॉगिन करणारा तिच्यात आहे का हे नियमानंच तपासायला लावायचं.

घाटावर आणखी दोन गोष्टी अडकणारच होत्या, फक्त त्या दिवशी त्यांची पाळी आली नाही. काट्याजवळ नेटवर्क कसं आहे ते मी सांगायला नको. उत्तरेच्या बांधावर चढलं की एखादी कांडी दिसते. फायरस्टोअर अँड्रॉइडच्या ॲपमध्ये वापरलं तर नेटवर्क नसताना नोंद फोनमध्ये जपून ठेवायची सोय आपोआप चालू असते. ब्राउझरच्या एसडीकेत ती आपोआप नसते, आपण चालू करावी लागते. न केल्यास काय होतं ते नीट समजून घ्या, कारण हे फसवं आहे. तुम्ही वजन लिहिता, ते पडद्यावर लगेच दिसतं, तुम्हाला वाटतं झालं. पण ती नोंद फक्त त्या उघड्या पानाच्या तात्पुरत्या आठवणीत असते. नेटवर्क यायच्या आत पान बंद केलं, किंवा फोननंच जागा करायला ते बंद केलं, की वजन गेलं. कोणाच्याही वहीत नाही. आता ती सोय चालू केली आहे, आणि प्रत्येक वजनासमोर व्हॉट्सॲपसारखी खूण ठेवली आहे : एक टिक म्हणजे फोनमध्ये आहे, दोन टिक म्हणजे पोचलं. एक टिक असताना डोंगेवाल्यानं घरी जाऊ नये असं नाही, पण काट्यावरच्या माणसानं फोनमधला डेटा पुसू नये.

तरी एक उरतंच. नेटवर्क नसताना पान नव्यानं उघडलं तर क्रोमचा तो उड्या मारणारा डायनासोर दिसतो. नोंदी फोनमध्ये आहेत पण पानच नाही. पान फोनमध्ये ठेवायला सर्व्हिस वर्कर लागतो, आणि तो फक्त कुलूपवाल्या पत्त्यावर, म्हणजे एचटीटीपीएसवर, नाहीतर लोकलहोस्टवर चालतो. लॅपटॉपवर त्याचं सगळं व्यवस्थित दिसतं कारण लोकलहोस्टला ब्राउझर घरचा माणूस मानतो. तेच पान फोनमध्ये लॅपटॉपच्या आकड्यांच्या पत्त्यानं उघडलं की सर्व्हिस वर्कर गप्प. जाळं कुठं लावलं ती जागा नकाशावर टिपायचं बटणही तिथं असंच गप्प बसतं, कारण तोच. फोनवर ‘लोकलहोस्ट’ टाकून उपयोग नाही. तिथं तो शब्द म्हणजे तो फोनच. तपासायचं असेल तर केबल लावून क्रोमच्या तपासणी पानातून लॅपटॉपचं दार फोनला जोडता येतं, नाहीतर बांधलेलं ॲप सरळ फायरबेसच्याच होस्टिंगवर चढवायचं. तिथं एचटीटीपीएस आयतं मिळतं.

दुसरी गोष्ट बेरजेची. नमुन्यात नवी नोंद टाकताना वरची सरासरी त्याच झटक्यात बदलतात, दोघांनी एकदम लिहिलं तरी एकाचं दुसऱ्यावर चढू नये म्हणून. याला ट्रॅन्झॅक्शन म्हणतात. हॉटेलांसाठी उत्तम. पण ट्रॅन्झॅक्शनला सर्व्हरशी बोलावंच लागतं, नेटवर्क नसेल तर ते सरळ नापास होतं. म्हणजे नोंदी जपायची सोय चालू केली तरी काट्याजवळ आमचं वजन अडलंच असतं, आणि कारण शोधता शोधता हंगाम गेला असता. आता तो भाग काढून टाकला. प्रत्येक टोपली एक वेगळी नोंद, बेरीज वाचताना करायची. वेळही दोन ठेवल्या आहेत. फोनवरची काट्याची वेळ एक, आणि सर्व्हरवर पोचल्याची दुसरी. नेटवर्क संध्याकाळी मिळालं तर सकाळची मासळी संध्याकाळची दिसू नये.

खाडाखोडीबद्दल पंच मंडळींशी बोलून असं ठरलं आहे : लिहिलेलं वजन कोणीही बदलणार नाही, पुसणार नाही, मीसुद्धा नाही. फायरस्टोअरच्या नियमांत नवी नोंद करणं, बदलणं आणि पुसणं यांच्या परवानग्या वेगवेगळ्या देता येतात, म्हणून पहिली तेवढी उघडी ठेवली. चूक झाली तर खाली दुसरी नोंद, ‘वरचे दोन किलो जास्त लिहिले’ अशी. लाल वहीत आपण कधी पान फाडत नाही, तसंच. आणि प्रोजेक्टचं खातं आता पोरीच्या नावावर नाही, संस्थेच्या नावाच्या गूगल खात्यावर आहे, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे. उद्या ती शिकायला पुण्याला गेली तर वही तिच्यासोबत जायला नको.

कोणी बाहेरून ॲप विकायला आलं, आणि येतात, तर मला न बोलावता तुम्हीच तपासू शकता. पत्त्यात लोकलहोस्ट लिहिलंय का ते पाहा. कोपऱ्यात कुठं हॉटेलाचं, दुकानाचं नाव राहून गेलंय का पाहा. मग त्याला म्हणा, फोन फ्लाइट मोडवर टाक, एक वजन लिही, पान पूर्ण बंद कर, पुन्हा उघड. वजन दिसलं तर फ्लाइट मोड काढ आणि माझ्या फोनवर दाखव. मग विचारा, वहीचे नियम कुठं आहेत, त्यात तारीख आहे का, आणि खातं कोणाच्या नावावर आहे. नमुना पुढं करून पूर्ण कामाचे पैसे मागणारा इथवर टिकत नाही. यात लाजायचं काही नाही. डोंगा घेताना आपण पाण्यात टाकून पाहतोच ना, तळ बोटांनी ठोकून पाहतोच ना.

पोरीबद्दल दोन शब्द, कारण त्या दिवशी तिला काहीजण फार बोलले. तिनं सहा आठवड्यांत, कोणाकडे क्लास न लावता, नमुना बांधला, चालवला, त्याची आतली मांडणी ओळखली आणि आपल्या कामाला लावली. नियमातली तारीख मी वाचायला हवी होती. फायरबेसनं मुदत संपण्याआधी खबरदारीचा ईमेलही पाठवला होता, तो माझ्या नजरेतून सुटला.

तर आता असं : दिवाळीपर्यंत दोन्ही वह्या सोबत चालतील. लाल वही खरी, मोबाईलची तिच्याशी रोज संध्याकाळी ताडून पाहायची. फरक निघाला की इथं पेजवर लिहीन, डोंग्याच्या नंबरासकट नाही, फक्त किती आणि का ते. रविवारी सकाळी काट्याजवळ या, आणि घरातला सगळ्यात जुना, सगळ्यात हळू फोन घेऊन या. कोणत्या सिमला तिथं नेटवर्क लागतं आणि कोणत्या फोनवर पान उघडतच नाही, हे लिहून घ्यायचं आहे. वहिनी आणि आजी मंडळींनी नक्की यावं. हिशोब घरी तुम्हीच पाहता, अक्षर केवढं मोठं हवं ते तुम्हीच सांगा.